एका गटातून दोन घेतले असते तर

माझ्या जावयाला एक नाद आहे. दारूचा असता तर परवडला असता, चार शब्द सुनावता तरी आले असते. हे गृहस्थ सकाळी अंघोळ झाली की खाटेवर मांडी घालून बसतात, मांडीवर कॉम्प्युटर घेतात आणि जे सामने कधी झालेच नाहीत ते खेळवत बसतात.

मुलगी आणि जावई अमेरिकेहून आले होते ते हिच्या वर्षश्राद्धाला. विधी झाले. कावळ्याने बराच वेळ खोळंबून ठेवलं, शेवटी शिवला. चाळीतली माणसं जेवून गेली, भांडी घासून झाली, तरी ह्यांच्या विमानाला अजून आठवडा होता. परळच्या आमच्या दोन खोल्या. त्यात एवढा उंच माणूस दिवसभर करणार काय? खाली जाऊन उभं राहावं तर ओळखीचं कोणी नाही. म्हणून हा नाद. पहिले दोन दिवस मी गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी विचारलं, "जावईबापू, हे काय चाललंय?"

विचारलं आणि फसलो. सांगायला जी सुरुवात केली ती पानं वाढेपर्यंत.

त्यांच्याकडे एक फुटबॉल असतो. नाव फुटबॉल, पण चेंडू दोन्ही बाजूंनी टोकदार, सोललेल्या नारळासारखा, आणि बहुतेक वेळ कोणाच्या तरी हातात. माणसं डोक्यात हेल्मेट घालतात, खांद्यांवर उशा बांधतात आणि एकमेकांच्या अंगावर जातात. तेवढं मला आवडलं. रेषा आहे, पकड आहे, पळणाऱ्याला पाडायचं आहे. कबड्डीवाल्या माणसाला त्यात नवीन काही नाही. उशा मात्र कशाला लागतात कळलं नाही. आम्ही मातीवर उघड्या अंगाने पडायचो.

पण जावयाचं लक्ष खेळात नाहीच. त्यांचं लक्ष बाद फेरीत. आधी साखळी सामने होतात, मग वरचे संघ बाद फेरीत जातात, हे आपल्यासारखंच. पूर्वी तिथे बाद फेरीत थोडे संघ घ्यायचे. मग वाढवले. मग परत वाढवले. तर हे आणि ह्यांचे तिकडचे मित्र काय करतात, आजचा नियम उचलतात आणि जुन्या वर्षांना लावतात. त्या साली आजच्याएवढे संघ घेतले असते तर कोण आत आलं असतं? कोणाची गाठ कोणाशी पडली असती? मग कॉम्प्युटरला सांगून तो सामना खेळवायचा. कॉम्प्युटर निकाल देतो. मग त्या निकालावरून फोनवर भांडायचं.

"पण झाला नाही ना तो सामना?"

"नाही झाला, बाबा. पण झाला असता तर?"

"नाही झाला ना?"

"अहो, आमची टीम एका वर्षी एवढी छान खेळली आणि घरी बसली. का, तर त्या वर्षी आत घ्यायचेच कमी. हा अन्याय नाही का? आता मी त्यांना आत घेतलंय. हे बघा, पहिला सामना जिंकले पण."

आणि तोंडावर खरा आनंद. सख्ख्या भावाला बढती मिळाल्यासारखा.

"त्या खेळाडूंना कळवलंत का?" मी विचारलं. "म्हातारे झाले असतील. एखादा गेला पण असेल."

मुलगी आतून ओरडली, "बाबा, चिडवू नका हं त्यांना. तिकडे खूप लोक करतात हे."

"तिकडे खूप लोकांना वेळ आहे," मी म्हटलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

माझं डोकं फिरलं त्याला कारण आहे. हे जर-तर ह्या घरात मी गिरणीच्या संपापासून ऐकत आलोय. हिच्या तोंडून. भाजी निवडताना, मासे साफ करताना, नळावरून हंडा घेऊन येताना, मी ताटावर बसलो की हमखास. "एका गटातसून दोन टीमी घेतले असते तर त्येंच्या बापाशीचा काय जाणार होता?" आम्ही दोघं मालवणकडचे. ती मुंबईत आयुष्य काढूनही बोलायची गावचंच, आणि भांडताना तर नक्कीच. गेल्या वर्षी ती गेली तेव्हा मी मनात म्हटलं, चला, त्या दोन टीममधून सुटलो. खरंच म्हटलं. खोटं कशाला बोलू? आणि मग वर्षभर ह्या खोल्यांत कोणी काही बोललं नाही. चहा मी करतो, मी पितो, कप मी विसळतो. कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटतं, कोणीतरी आवाज केला. अशात हे अमेरिकेहून आले आणि तेच वाक्य घेऊन बसले. शब्दाला शब्द तेच. अमक्या साली जास्त घेतले असते तर. मग माणूस चिडेल नाहीतर काय करेल?

आता ते दोन टीमचं काय ते सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला कळायचं नाही.

मी गिरणीत बदली होतो. बदली म्हणजे कायमवाला आला नाही तर त्याच्या जागी काम, आला तर घरी. ही खानावळ चालवायची, ह्याच खोल्यांत. गावाहून एकटी आलेली गिरणीतली माणसं दोन वेळ जेवायला यायची. आणि मी आमच्या चाळीच्या संघातून कबड्डी खेळायचो. चढाईला मी पहिला. त्या काळी खेळाडूला खेळावर नोकरी मिळायची. बँकेचे, रेल्वेचे साहेब बाद फेरीच्या सामन्यांना येऊन पुढच्या खुर्च्यांवर बसायचे. साखळीला फिरकायचे नाहीत. बाद फेरीत एखादा पोरगा नजरेत भरला की त्याचं नाव विचारून घ्यायचे. आमच्या गल्लीतले दोघे असेच लागले होते आणि त्यांच्या आया अजून तोऱ्यात होत्या. हिला तेच हवं होतं. नवरा कायमचा कुठेतरी लागावा, बदली-बदली करत फाटकावर उभा राहू नये.

संप लागला ते साल. गिरण्या बंद. शिमग्याला सगळे कोकणातले गावाला जातात, तसे त्या वर्षीही गेले. दरवर्षी परत येतात, त्या वर्षी पुष्कळ जण आलेच नाहीत. येऊन करणार काय? भोंगा तर वाजत नव्हता. तशात स्पर्धा लागली. आमच्या गटात चार संघ. आम्ही परळचे, दुसरे डिलाईल रोडचे, तिसरे भोईवाड्याचे, चौथे कोळीवाड्याचे. गटातून एकच संघ बाद फेरीत. आम्ही डिलाईल रोडला हरवलं, कोळीवाड्याला हरवलं. राहिला भोईवाडा. बरोबरी केली तरी आम्ही वर.

आमचे सातही हजर होते, कारण हिने गावाला निरोप धाडले होते, सामन्याला या, जेवायचं मी बघते. भोईवाड्याच्या संघाला निरोप धाडणारं कोणी नव्हतं. त्यांचे शिमग्याला गेलेले गावालाच राहिले. मैदानात आले ते पाच जण. नियमाने पाच जणांवर सामना सुरू करता येतो. पंचांनी विचारलं, खेळणार का? त्यांच्यातला मोठा म्हणाला, खेळणार. आमचा कप्तान माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो असेन. सातांनी पाचांना खाल्लंच असतं.

तेवढ्यात ही दोरीखालून आत आली. बायका दोरीपलीकडे बसायच्या, आत यायचं नसतं. पंच ओरडले, "बाई, बाहेर व्हा." हिने ऐकलंच नाही. सरळ आमच्यासमोर आली, पदर खोचून.

"त्येंचे पाच, तर तुमचेय पाच."

कप्तान म्हणाला, "वहिनी, नियमात सात बसतात."

"नियम तुझ्याकडे ठेव. दुपारी दोन्ही टीमींका मीच पेज वाढलंय. त्येंचे दोघे पोटासाठी गावाक रवले, तुमचे रवाक नाय इतकोच फरक. सात घेवन उतरतलास तर माझ्या घरात जेवूक येव नकात."

हे खरं होतं. भोईवाड्यातले तीन-चार जण संप लागायच्या आधीपासून हिच्याकडे जेवायचे. त्या दुपारी दोन्ही संघ आमच्याच खोलीत एका पंक्तीला बसले होते, पेज आणि भाजलेली सुकट. सामना कोणाचा कोणाशी आहे हे कोणाच्या डोक्यात नव्हतं.

आता सांगा, काय करणार? कप्तानाने दोघांना बाहेर बसवलं. आमचे कोपरे सांभाळणारे दोघे तगडे होते, पण स्वभावाने गरीब, तेच. बाकीच्यांना बाहेर बसा म्हणायची त्याची छाती नव्हती. पाचाला पाच खेळलो. आणि एका गुणाने हरलो. शेवटची चढाई माझी होती. एकाने घोटा धरला तो सोडलाच नाही. दुपारी तो माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता, आणि मीच आपली अर्धी सुकट त्याच्या पानात टाकली होती.

डिलाईल रोड वर गेला. आम्ही घरी.

कोणी साहेब मला बघायला आला नाही. संप संपला असं कोणी कधी म्हणालंच नाही, तो आपोआप विरला, आणि गिरणी परत माझ्यासाठी उघडली नाही. दादरला फुलांच्या करंड्या उचलल्या, मग गिरगावात एका छापखान्यात कागदाची रिमं वर चढवायला लागलो, तो थेट पाठ गेली तेव्हाच थांबलो. आणि ह्या सगळ्या वर्षांत हिची एकच टकळी. दोन टीम घेतल्या असत्या तर आम्ही गेलो असतो. गेलो असतो तर साहेबांनी बघितलं असतं. बघितलं असतं तर लागलो असतो. लागलो असतो तर घरात दुपारी पंखा लावून झोपलो असतो. कुठून कुठे न्यायची!

मी पण ऐकून घेणारा नव्हतो. म्हणायचो, "तू मधे पडली नसतीस तर सरळ जिंकलो असतो. कशाला हव्यात दोन टीम?"

"ता बरोबरच होता. त्येच्यावर काय बोलू नकात."

"मग हरलो ते?"

"हरलास तुमी. भायर काढल्यानी त्येनी."

"त्येनी म्हणजे कोणी?"

"स्पर्धा भरवणाऱ्यानी. एकच टीम घेवचा असा खय लिवन ठेवलेला? दोन घेतले असते तर पाचाक पाचय रवले असते आणि तुमीय गेला असतास."

बघा कशी होती. पाचाला पाच हे चुकलं असं मरेपर्यंत म्हणाली नाही. आणि नवऱ्याचं नुकसान झालं हेही सोडलं नाही. दोन्ही एकत्र बसवायचं तर नियमच मोठा करायला हवा. म्हणून दोन टीम. एवढ्या साध्या गोष्टीसाठी इतकी वर्षं माझं जेवण कडू केलं तिने. हॉस्पिटलात नाकात नळी असताना सुद्धा टीव्हीवर कबड्डी लागली होती तर मला म्हणते, "ह्येंच्यात किती घेतत?" मी म्हटलं, "झोप आता." तिला उत्तर हवं होतं. मला माहीत नव्हतं.

असो. त्या दिवशी मी गॅलरीत उभा राहिलो तर शेवटच्या खोलीतून कप्तान आला. आमचा तोच कप्तान. आता कानात यंत्र आहे, हातात काठी आहे, पण वास लगेच लागतो. घरात कोणी आलं की ह्याला चहा प्यायला यायचं असतं.

"काय रे, तोंड पाडून उभा?"

"आत जा. तुझ्यासारखाच एक आत बसलाय."

गेला आणि बसला जावयाशेजारी. मी दारातून ऐकत होतो. जावयाने त्याला तेच पुराण सांगितलं, नारळासारखा चेंडू, जुनी वर्षं, आजचा नियम. मला वाटलं कप्तान हसेल. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "हे आपल्याला लावता येईल काय?"

"कशाला?"

"संपाच्या सालाला. आपल्या गटाला. एका गटातून दोन. वहिनी काय बोलायची, माहीत नाही तुम्हाला?"

जावयाला माहीत नसणार कसं? लग्नाच्या बोलण्यांत सुद्धा ही ते बोलली होती. ते एकदम ताठ बसले. "निकाल आठवतात तुम्हाला?"

"तोंडपाठ."

मी आत गेलो. "काही गरज नाही. बंद करा ते. मेलेल्या गोष्टी उकरू नका."

"बाबा, आईंचं म्हणणं खरं होतं की नाही, एवढं तरी बघू."

ती असताना मी तिला रोज खोटं ठरवायचो. त्याचं काही वाटायचं नाही, कारण ती तिथल्या तिथे उलटून बोलायची आणि माझं तोंड बंद करायची. आता ह्या यंत्राने तिला खोटं ठरवलं तर उलटून बोलणार कोण? तिच्याजवळ ते एकच होतं. दोन घेतले असते तर आम्ही गेलो असतो. तेही काढून घ्यायचं?

पण मुलगी पण हात पुसत बाहेर आली होती. तिला बघायचं होतं. मी खाली बसलो.

कप्तान सांगत गेला, जावई टाईप करत गेले. मग म्हणाले, "कोळीवाडा तिन्ही हरला. बाकी तिघांचे दोन-दोन विजय. तुम्ही डिलाईल रोडला हरवलं, डिलाईल रोडने भोईवाड्याला, भोईवाड्याने तुम्हाला. गोल फिरतंय."

"म्हणून तर गुणफरक काढला," कप्तान म्हणाला. "कोळीवाड्याला धुतलं होतं त्यांनी. म्हणून डिलाईल रोड वर."

"बरोबर. तो झाला पहिला. आता दुसरा कोण?"

"आपण," कप्तान म्हणाला.

"आपण," मुलगी म्हणाली.

मलाही तेच वाटत होतं. दुसरा कोण हे कोणी कधी काढलंच नव्हतं. दुसऱ्याला काही मिळणारच नव्हतं तर काढेल कशाला? ही म्हणायची आपण, म्हणून आपण.

"थांबा हं," जावई म्हणाले. "उरले दोन. तुम्ही आणि भोईवाडा. दोघांचे विजय सारखे. दोघंच उरले की आधी बघतात आपसात कोण जिंकलं. आमच्याकडे हाच नियम."

कप्तानाने कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं. "आपल्याकडे पण हाच होता," तो हळूच म्हणाला.

"मग भोईवाडा. दोन घेतल्या तर दुसरा भोईवाडा जातो."

खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होता, होत नव्हती. मला इतका राग आला की कोणावर काढू कळेना. जावयावर? त्याने बेरीज केली, दुसरं काय? कप्तानावर? इतकी वर्षं कप्तान म्हणून मिरवतो आणि एवढं डोक्यात येऊ नये! सगळ्यात जास्त हिच्यावर. म्हणजे इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस ती वकिली आमची नव्हतीच. त्या पाच जणांची होती. त्यांना पेज वाढलीस, त्यांच्यासाठी माझे दोघे बाहेर बसवलेस, आणि वर आयुष्यभर त्यांनाच बाद फेरीत न्यायला भांडत राहिलीस. आणि तुला ते माहीत पण नाही.

"बाबा," मुलगी म्हणाली, "जाऊ दे ना. खेळ आहे."

"गप बस."

आता ती असती तर काय म्हणाली असती, ह्याचा मला विचार करावा लागला नाही. इतकी वर्षं एकाच माणसाशी भांडलं की त्याचं उत्तर आपल्या तोंडात तयार असतं. भोईवाडो गेलो तर जावंदे, म्हणाली असती. अर्ध्या पोटान जिंकले ते. आणि मग लगेच, श्वास न घेता, मगे तीन घेवचे!

"तीन घ्या," मी म्हटलं.

"काय?"

"गटातून तीन घ्या."

जावई हसले. "बाबा, चारातले तीन? मग साखळीला अर्थ काय राहिला?"

"तुमच्या अमेरिकेत वाढवले ना? परत वाढवले ना? तेव्हा तुम्ही अर्थ विचारलात? तुमची टीम आत आली तेव्हा अर्थ होता, आमची यायची म्हटल्यावर अर्थ गेला?"

"तसं नाही, पण..."

"तीन घ्या म्हणतो ना."

कप्तान मधेच, "मग कोळीवाड्याने काय घोडं मारलंय? चारातले तीन आत आणि ते एकटेच बाहेर? बरं दिसत नाही ते."

"तू गप रे. त्यांना तुझ्या खोलीत घे."

"चारही घेऊया ना. कशाला कोणाला दुखवायचं?"

मुलगी पदराने तोंड झाकून हसत होती. की रडत होती, मी नीट बघितलं नाही. जावयाने एकदा तिच्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे, आणि गुपचूप दोनाचे तीन केले. सगळ्या गटांचे करायला लागले, एकट्या आमचे करून चालणार नव्हते म्हणे. तेवढी शिस्त होती त्यांच्याकडे. बाकीच्या गटांचे निकालही कप्तानाने सांगितले. थोड्या वेळाने कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण त्यांनी मराठीत लिहिलं होतं. परळ. बाद फेरी, पहिला सामना. समोर दादर.

मी चष्मा काढून परत लावला. कप्तान वाकून बघत होता, त्याचं डोकं मधे येत होतं. मी ढकललं.

"दादर," तो म्हणाला. "मेलो. त्यांच्यात सगळे नोकरीवाले. रोज दूध पिणारे."

"खेळवू?" जावयाने विचारलं. "तुमचे सातही तेच ठेवतो."

"सात कुठले?" मी म्हटलं.

"म्हणजे?"

"बाद फेरी आठ-दहा दिवसांनी होती. तोवर आमचे पण गावाला गेले असते."

कप्तान म्हणाला, "आत गेलो असतो तर थांबले असते रे पोरं."

"कशावर थांबले असते? त्या दुपारची पेज ही शेवटची. त्याच्यानंतर डब्यात तांदूळ नव्हता. दुसऱ्या दिवशी हिने खानावळ बंद केली, विसरलास? आपले पण पाचच उरले असते. कदाचित चार."

कप्तानाला आठवलं.

जावई बिचारे सरळ मनाने म्हणाले, "मग दादरने पण पाचच उतरवले असते ना? तुम्ही केलं तसं?"

कप्तान असा हसायला लागला की त्याला ठसका लागला. मुलीने पाणी आणून दिलं. "ते कशाला पाच उतरवतील? त्यांच्या बाजूला वहिनी नव्हती बसलेली."

"नव्हती," मी म्हटलं. "आमच्या बाजूला होती. आमचंच नशीब फुटकं."

आणि मी उठून चहा टाकायला गेलो. दोन कप पाणी ठेवलं. मग आठवलं माणसं चार आहेत, तेव्हा आणखी ओतलं. बाहेरून जावयाचा आवाज आला, "बाबा, मग खेळवू की नको? पाच जणांवर खेळवून बघू?"

"नको."

"निकाल तरी बघू."

"निकाल मला माहीत आहे. आत घेतलंत ना? बस झालं. आता त्याला हात लावू नका."

मुलगी-जावई परत गेले. आता रविवारी फोन येतो. जावयाने ते तसंच ठेवलंय, न खेळवता. परळ आत, समोर दादर. प्रत्येक वेळी विचारतात, "बाबा, मग? खेळवू?" मी म्हणतो, नको. मग ते त्यांच्या त्या नारळवाल्या टीमचं सांगायला लागतात, अमक्या साली आणखी एक संघ घेतला असता तर काय झालं असतं, आणि मी म्हणतो फोन मुलीकडे द्या.